पलक, शुक्रवार-शनिवार

सदरमध्ये टायरच्या दुकानाशेजारून
लोखंडी जिना वर जातो.
दाराशी माझा फोटो, माझ्याहून उंच,
खाली लिहिलंय : पलक लाइव्ह.
उत्पला हे नाव मॅनेजरला
दवाखान्यातल्या नर्ससारखं वाटलं.
"पिणाऱ्याच्या जिभेवर बसलं पाहिजे ना, मॅडम,"
तो म्हणाला, आणि मी मान हलवली.
आठशे रुपये, एक फ्राइड राइस,
पेट्रोल माझं.

माइकला आधीच्या पोराच्या तोंडाचा वास,
खर्रा, वर पेपरमिंट.
मी रुमाल गुंडाळते.
की-बोर्डवर नेल्सन पात्रे,
रविवारी सकाळी चर्चमध्ये वाजवतो तेच हात.
म्हणतो, दोन्हीकडे लोक वरच बघतात,
तिथं छताकडे, इथं टीव्हीकडे.

टीव्ही माझ्या डोक्यामागे.
पहिल्याच आठवड्यात मी एक अंतरा असा घेतला
की काटा आला अंगावर, माझ्याच,
आणि टाळ्या कोसळल्या,
टेबलं बडवली, कुणी शिट्टी मारली.
मी वाकून नमस्कार केला.
मागे वळले,
तर रिप्लेमध्ये चेंडू अजून हवेतच होता.

डिसेंबरात अधिवेशन लागलं
की कुठकुठल्या साहेबांचे पीए येतात,
टिश्यूपेपरवर फर्माइश लिहून पाठवतात,
शाई पसरते, गाण्याचं नाव वाचता येत नाही.
मग मी मला येतं ते गाते.
आजवर कुणी म्हटलं नाही
की हे मागितलं नव्हतं.

घरी, इंदोऱ्यात, आई रोज सकाळी पंचशील म्हणते.
पाचव्याशी आली की आवाज जरा चढवते,
भिंतीपलीकडे मी झोपलेली असते म्हणून.
थेंब घेत नाही गं मी.
कोमट पाणी मागते, वेटर हसतात.
सूर आणि सुरा :
उकार आखडला, काना लागला, एवढंच अंतर.
त्या अंतरात उभी राहून मी
आठवड्याचे सोळाशे कमावते.

बाबांनी पेटीसमोर बसवलं तेव्हा मी सहा वर्षांची.
चौदा एप्रिलच्या रात्री चौकात
ताडपत्रीवर माणसं पहाटे तीनपर्यंत बसायची,
नुसत्या चहावर,
लेकरं मांडीवर झोपलेली, पण कुणी उठायचं नाही.
तिथं शिकले गाणं पोचवायचं कसं.
इथं शिकते आहे,
पोचत नसताना गायचं कसं.
पुढे दोन्ही लागेल, नेल्सन म्हणतो.
पुढे म्हणजे कुठं, ते त्यालाही माहीत नाही,
तो वायर गुंडाळत राहतो.

बाबा बोलत नव्हते, दिवाळीच्या आधीपासून.
परवा पेटी पुसता पुसता म्हणाले,
"तुझा नी उतरून राहिला. दुसऱ्या गाण्यात."
तुम्हाला काय माहीत, मी म्हटलं.
"वर नाही आलो मी."
फडकं झटकलं.
"खाली, टायरवाल्याच्या मागं, गल्लीत.
तो पंखा नाही का, हवा फेकणारा.
शेंगदाण्याचा तळण येते नाकात,
पण ऐकू येते बरोबर."
मग भाता दाबून त्यांनी नी धरून ठेवला,
बराच वेळ,
आई ओट्यापाशी काही न बोलता उभी,
तिच्या हातातला चहा गार होत गेला.

काल शुक्रवार होता.
गर्दी बेताची, टीव्हीवर मॅच नाही.
मी माइकचा स्टँड थोडा फिरवला,
स्वयंपाकघराच्या बाजूला.
मॅनेजर गल्ल्यावरून खुणावत होता,
गिऱ्हाइकाकडे बघ, गिऱ्हाइकाकडे.
मी पंख्याकडे तोंड करून
दुसरं गाणं दोनदा घेतलं.